फिरते, पण तापत नाही

अमेरिकेत कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजे ड्रायर, ही आता चैन राहिलेली नाही. बहुतेक घरांत तो असतो. आपले दोरीवर आणि उन्हावर भागते. म्हणून त्या यंत्राच्या दुरुस्तीची चर्चा आपल्या कार्यकर्त्यांना परकी वाटेल. पण विकलेल्या वस्तूवर अखेर सत्ता कोणाची, हा आपलाच जुना प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

या यंत्राचा नेहमीचा विकार असा : पिंप फिरते, हवा मात्र तापत नाही. कारणे थोडी आणि साधी आहेत. तेथील विजेच्या ड्रायरला २४० व्होल्टचा पुरवठा दोन तारांवरून मिळतो. त्यांपैकी एकीचा फ्यूज गेला, तर मोटार उरलेल्या तारेच्या १२० व्होल्टवर चालत राहते आणि तापक थंड पडतो; म्हणजे यंत्रात मुळी बिघाडच नसतो. एरवी तापकाची तार तुटलेली असते, किंवा उष्णता प्रमाणाबाहेर गेल्याने आतला छोटा सुरक्षा-फ्यूज कायमचा उडालेला असतो. वीज तोडून मीटर लावला की हे कळते. फ्यूज बदलून थांबणे मात्र चुकीचे. गरम हवा बाहेर नेणारी नळी कपड्यांच्या तंतूंनी तुंबली, की तो उडतो. नळी साफ केली नाही तर नवाही उडेल. आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडणाऱ्याने घराला आग लावण्याचीच तयारी केली म्हणायची.

एवढ्या सोप्या दुरुस्तीऐवजी सबंध यंत्र भंगारात का जाते? कारागिराची मजुरी महाग हे खरे, पण ते अर्धेच उत्तर आहे. सुटा भाग न देता अख्खा संच गळ्यात मारणे, माहितीपुस्तिका अधिकृत केंद्रापुरती राखणे, ही उरलेली अर्धी बाजू. १९३२ साली, महामंदीच्या काळात, बर्नार्ड लंडन यांनी अमेरिकेत एक पुस्तिका काढून सुचवले होते की, वस्तूंचे आयुष्य सरकारने ठरवावे आणि मुदत संपताच त्या मोडीत काढाव्यात. ते निदान उघडपणे आणि सरकारच्या नावाने मागत होते! राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेबही उत्पादकाच्याच बाजूचा. घरच्या माणसाने फ्यूज बदलला तर त्यात फ्यूजची किंमत तेवढी जमा होते. नवे यंत्र घेतले तर यंत्राची.

कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून, १०० डॉलर वा अधिक घाऊक किमतीच्या उपकरणांचे सुटे भाग, हत्यारे व माहिती उत्पादन थांबल्यापासून किमान सात वर्षे पुरवण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या दुरुस्ती-निर्देशात ड्रायरचाही समावेश आहे. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तेथे कंपन्या आपल्या सेवाकेंद्रांचे पत्ते देतात, हक्क देत नाहीत.

आपल्या गल्लीतला मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा कारागीर या प्रश्नाशी थेट बांधलेला आहे. तो तुटलेली तार अजून जोडतो. पण मुद्रित सर्किटचा संच अधिकृत केंद्राबाहेर मिळेनासा झाला, की त्याचे कसब निरुपयोगी ठरते. यंत्रकामगार बेकार होतील, असा आक्षेप आपल्यातलेच काही घेतात. परंतु दुरुस्ती हे तर श्रमप्रधान काम, आणि ते जेथल्या तेथेच करावे लागते. म्हणून ग्राहक संघटनांनी कामगार संघटनांना सोबत घेऊन कायदाच मागावा. सुटे भाग अनधिकृत कारागिरालाही मिळावेत आणि त्यांच्या किमतीवर मर्यादा असावी, ही दोन कलमे त्यात हवीतच. किमतीचे कलम गाळले, तर यंत्राच्या निम्म्या किमतीचा भाग ‘उपलब्ध’ करून कंपनी कायदा पाळल्याचे दाखवील.