लोअर परळमधला ‘व्हिंटेज’ आवाज नेमका कुणाचा?

थ्रेड : काचेचे व्हॉल्व्ह, सुताच्या गिरण्या आणि जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांचा विसराळूपणा.

सेनापती बापट मार्गाच्या आसपास आज जे मनोरे उभे आहेत, त्यांतल्या वातानुकूलित खोल्यांत एक नवी उपासना रुजते आहे. दिवे मंद केले जातात. टेबलावर तीन-चार अ‍ॅम्प्लिफायर मांडलेले असतात. एखादा पन्नाशीच्या दशकातला क्वाड, एखादा लीक, एखादा जुन्या आराखड्यावर आजच्या चीनमध्ये बनलेला. तीच तबकडी, तेच गाणे, आळीपाळीने प्रत्येकावर. मग व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या कारखान्याचे बसवायचे आणि पुन्हा तेच गाणे. शेवटी निवाडा होतो : हा आवाज ‘उबदार’ आहे, ‘खरा’ आहे, ‘त्या काळचा’ आहे.

पहिल्या विशेषणाशी भांडण्याचे कारण नाही, ती ज्याच्या त्याच्या कानाची बाब आहे. दुसरे वादग्रस्त आहे. तिसरे मात्र थेट इतिहासाच्या हद्दीत येते, आणि त्या हद्दीत पुराव्याशिवाय प्रवेश नसतो.

आधी यंत्र समजून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार तापली की ऋणभारित कण बाहेर पडतात, आणि मधल्या जाळीवरच्या क्षीण विद्युतसंदेशाने त्यांचा मोठा प्रवाह कमी-जास्त करता येतो. क्षीण संदेश बलवान होतो तो असा. फ्लेमिंगची १९०४ची नळी आणि त्यानंतर दोन वर्षांनी आलेली डी फॉरेस्टची ‘ऑडिऑन’ ही या घराण्याची मूळ जोडी. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्याने व्हॉल्व्हला बहुतेक घरांतून हुसकावले.

आता ‘उबदारपणा’. अनेक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर मूळ स्वराला त्याच्या दुप्पट कंप्रतेच्या स्वराची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची, बारीकशी जोड देतात. कानाला ती भेसळ गोड लागते. हरकत नाही. पण पन्नाशीच्या अभियंत्यांना ही गोडी हवी होती का? हॅरल्ड लीक यांनी १९४५मध्ये बाजारात आणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे नाव होते ‘पॉइंट वन’. कारण त्यातली विकृती ०.१ टक्क्यापर्यंत खाली आणली होती आणि त्याचीच जाहिरात होती. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसन यांनी जो आराखडा प्रसिद्ध केला, ज्यावरून जगभरच्या हौशी मंडळींनी घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडले, त्याचाही ध्यास भेसळ काढून टाकण्याचाच होता. ज्या दोषाशी ती पिढी झगडली, त्या दोषाला आज ‘त्या काळचा आत्मा’ म्हणून पाट मांडून बसवले जाते. पूर्वजांवरचे प्रेम खरे असेल. पूर्वजांचे म्हणणे मात्र कुणी ऐकलेले दिसत नाही.

आणखी एक पूज्य दैवत म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी. १९३८चा. आज नव्याने बनणाऱ्या जोडीलाही लाखावर रुपये मोजावे लागतात. एकट्याने चालवला तर जेमतेम आठ वॉट देणारा हा व्हॉल्व्ह ज्या घराण्यातला, त्याची कामाची जागा टेलिफोनच्या तारा आणि चित्रपटगृहाच्या पडद्यामागचे अवाढव्य कर्णे ही होती. कर्णा कार्यक्षम असला की आठ वॉटांतही प्रेक्षागृह भरते. थोडक्यात, आज एका माणसाच्या मखमली खुर्चीसमोर जळणारा हा दिवा आठ आण्याच्या तिकिटावर बसलेल्या गर्दीसाठी पेटवलेला होता.

परंतु खरी गंमत, गंमत हा शब्द इथे जरा निष्ठुर आहे, ती व्हॉल्व्हच्या काचेवरच्या बारीक अक्षरांत आहे.

मुलार्ड कंपनीच्या जुन्या व्हॉल्व्हवर तळाशी चार चिन्हांचा एक संकेत कोरलेला असतो. पहिले अक्षर कारखान्याचे, मग वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचे अक्षर, मग आठवडा. जाणकार शौकीन भिंग लावून तो वाचतो. पहिले अक्षर ‘बी’ दिसले की त्याचे डोळे चमकतात. ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्न. तिथला ईएल३४, तिथला ईसीसी८३ ! भाव लगेच चढतो.

ब्लॅकबर्न कुठे आहे? लँकेशायरमध्ये. त्या गावाने व्हॉल्व्ह बनवण्यापूर्वी काय बनवले? कापड. आणि कुणासाठी? मुख्यतः हिंदुस्थानासाठी. ब्लॅकबर्नच्या मागांवर आपल्या आजे-पणज्यांची धोतरे विणली जात होती. पहिल्या महायुद्धानंतर ती बाजारपेठ हातून निसटू लागली. जपानी कापड, वाढते आयातकर, बहिष्काराची चळवळ आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचे वाढते उत्पादन अशी कारणे एकावर एक चढली. सप्टेंबर १९३१मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात असताना ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला मुद्दाम गेले आणि बेकार झालेल्या विणकरांना भेटले. त्याच बेकारीने पोळलेल्या ब्लॅकबर्नमध्ये १९३८ साली मुलार्डचा कारखाना उभा राहिला. मागावरच्या बायकांच्या गावात आता बायका व्हॉल्व्हच्या जाळ्या गुंफू लागल्या.

हे दोन टोकांचे सूत एकत्र धरून पाहावे. लोअर परळ-लालबागच्या साच्यांवरून जे कापड उतरले, त्याने ब्लॅकबर्नचे माग बंद पाडायला हातभार लावला. ब्लॅकबर्नने त्यानंतर व्हॉल्व्ह बनवले. तेच व्हॉल्व्ह आज लोअर परळला परत आले आहेत, आणि ज्या जमिनीवर ते उजळतात तिथला साचा केव्हाच भंगारात गेला. ही कहाणी त्या चार चिन्हांत दडलेली आहे. शौकीन ती चिन्हे वाचतो, किंमत काढतो आणि भिंग खाली ठेवतो.

लँकेशायरमध्ये गिरणी गेली तेव्हा निदान एका कारखान्याचे दार उघडले. (तिथेही सगळे सुखात होते असे नव्हे, मंदीची ती दोन दशके भीषण होती.) मुंबईत काय उघडले? १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या अनेकांना पूर्वीच्या नोकरीवर परत जाता आलेच नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या भूखंडापुरती उरवली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. त्रैराशिक शाळकरी मुलालाही सुटेल. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असते ती किती? कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले; फिनिक्स मिलच्या धुराड्याभोवती मॉल उभा राहिला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि उपाहारगृहे. धुराडे ठेवले. तेही व्हिंटेजच.

यावर उत्तर ठरलेले आहे : “याचा अ‍ॅम्प्लिफायरशी काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. गिरणगावाला व्हॉल्व्ह अनोळखी नव्हता. फक्त तो बैठकीच्या खोलीत नसे, मैदानात असे.

मुंबईतल्या सार्वजनिक आवाजाचा इतिहास लिहायचा तर ‘शिकागो रेडिओ’पासून सुरुवात करावी लागते. नाव शिकागोचे, घराणे सिंधमधल्या मोटवान्यांचे, पेढी मुंबईची. तिशीच्या दशकापासून काँग्रेसच्या सभांना माईक आणि कर्णे पुरवले ते यांनी. त्या काळातल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे पाहिली, तर माईकवर याच नावाची पट्टी वारंवार दिसते. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला, त्याला सामग्री दिल्याच्या आरोपावरून नानिक मोटवानेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ते निर्दोष सुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात व्हॉल्व्ह ‘उबदार’ आहे की नाही याची चर्चा झाली नसावी.

स्वातंत्र्यानंतर हीच यंत्रे कामगार मैदानात, नरे पार्कात, शिवाजी पार्कात लागत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत अत्रे आणि डांगे बोलले, अमर शेखांचा पहाडी आवाज घुमला, अण्णा भाऊंच्या लावण्या-पोवाड्यांनी रात्री जागल्या, ते याच मैदानी दुनियेत. भाड्याने मिळणारी लोखंडी पेटी, आत शक्तिशाली व्हॉल्व्हची जोडी, बाहेर खांबाला बांधलेले कर्णे. या अ‍ॅम्प्लिफायरची घडण दिवाणखान्यातल्या भावाहून पूर्ण वेगळी. त्याला मंद्र सप्तकाची चिंता नव्हती; कर्ण्यातून खर्ज उतरतच नाही. माणसाचे शब्द ज्या पट्ट्यात असतात तो पट्टा मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, एवढीच अट. गणपतीत हीच पेटी चाळीच्या चौकात, लग्नात हीच मांडवात. लांब तारेतून आवाज नेताना होणारी गळती टाळण्यासाठी व्होल्टेज वाढवून पाठवायचे आणि प्रत्येक कर्ण्यापाशी रोहित्र बसवून उतरवायचे, ही विद्या त्या लाऊडस्पीकरवाल्याला कुठल्याही पदविकेशिवाय येत होती.

‘भोंगा’ हा शब्दच पाहा. गिरणगावात भोंगा म्हणजे पाळी बदलल्याची गिरणीची शिटी. पुढे तोच शब्द कर्ण्याला चिकटला. एकाच्या हुकमाने माणसे कामावर जात, दुसऱ्याच्या हाकेने ती मैदानात जमत. मराठीने दोघांना एक नाव दिले, यापेक्षा नेमके निरीक्षण एखाद्या प्रबंधात सापडायचे नाही.

आणि कान. साळखात्यात शेकडो साचे एका वेळी धडधडत. शेजारच्याशी बोलायचे तर खुणेने किंवा कानाशी तोंड नेऊन. या गोंगाटाने विणकराची श्रवणशक्ती वर्षांगणिक झिजते, हे वैद्यकशास्त्राने कधीच मान्य केलेले सत्य आहे. लँकेशायरच्या विणकर बायका तर ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेत. आवाजाचा सूक्ष्मातिसूक्ष्म पोत पारखण्याची आजची खोली ज्या भूमीवर आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पगारासोबत बहिरेपण घरी नेले.

आता शौकिनांच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलू. ही मंडळी नसती तर चोरबाजारात आलेली अनेक यंत्रे वितळवली गेली असती. जळके रोधक, सुकलेले धारित्र, तडकलेले सोल्डर यांना हात लावणारी माणसे आता विरळ. लॅमिंग्टन रोडवर जे थोडे कारागीर अजून तग धरून आहेत, त्यांच्याकडे काम येते ते अशाच गिऱ्हाइकांकडून. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बेंगळुरूला फिलिप्सच्या सहकार्याने बनवलेल्या व्हॉल्व्हना आज परदेशात मागणी आहे, तीही याच हौसेमुळे. या श्रमाची टिंगल करणे चूक ठरेल. “ही हौस आहे, हौसेला इतिहासाचा जाब कशाला?” हा प्रश्नही एरवी रास्त ठरला असता. ज्याला तो आवाज नुसता आवडतो, त्याला कुणी जाब विचारत नाही. पण ‘व्हिंटेज’, ‘अस्सल’, ‘त्या काळचा’ हे शब्द वापरून जो भाव वाढवतो, तो इतिहास विकतो आहे. विकणाऱ्याने माल पूर्ण दाखवावा, एवढे तर दाणाबाजारातही पाळतात.

मालाची निवडही पाहण्याजोगी आहे. क्वाडचा क्रमांक, लीकचा रंग, ब्लॅकबर्नचा आठवडा यांची नोंदवही असते. मात्र सभेला वापरलेली देशी पेटी हाती आली की ती बहुधा अवयवदानासाठीच. जुनी सार्वजनिक यंत्रे फोडून त्यांतले व्हॉल्व्ह आणि रोहित्रे काढून घेण्याची रीत जगभर आहे. अमेरिकी चित्रपटगृहांतली वेस्टर्न इलेक्ट्रिकची सामग्री अशीच जपानी संग्राहकांकडे गेली. फरक इतकाच की तिकडे निदान कोणते यंत्र कोणत्या चित्रपटगृहातले, याचा शोध घेतला जातो.

इथल्या पेटीचा इतिहास तर तिच्या अंगावरच लिहिलेला असतो. लाऊडस्पीकर भाड्याने देणारे दुकानदार पेटीच्या बाजूला आणि कर्ण्याच्या ओठावर तैलरंगाने नाव घालत : कुणाची सर्व्हिस, कुठली चाळ, कुठला नाका. कोणती पेटी कोणत्या मैदानात गेली, कोणत्या मंडळाकडे दरसाल दहा दिवस होती, हे त्या दुकानांच्या भाड्याच्या वह्यांत असणार. त्या वह्या अजून कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या मागायला जाण्याचे वय आता त्यांच्या नातवंडांचे आहे. पेटी मात्र शौकिनाकडे आली की आधी तिचा पत्रा घासला जातो, आणि त्यात सर्वांत अगोदर जाते ते ते नाव.