पट सपाट असावा की उठावाचा?

संगणकावरच्या खेळांविषयी या पानावर काय म्हणून लिहायचे, असे काही वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल. संगीत, नाटक, चित्र आणि ग्रंथ यांची ही जागा, आणि लिहिणारा तर गाण्याचा मास्तर. परंतु ज्या घरांत एके काळी दिवेलागणीनंतर सारीपाट उलगडला जाई किंवा बुद्धिबळाचा पट मांडला जाई, त्याच घरांतली मुले आज पडद्यावर सैन्ये हलवीत बसलेली असतात. त्यांतले सगळेच खेळ धांगडधिंग्याचे नाहीत. काही अस्सल डावपेचांचे आहेत. रसद कोठून आणावी, वाट कोणती धरावी, तोफा कोठे लावाव्यात आणि घोडदळ केव्हा सोडावे, याचा विचार केल्यावाचून त्यांत एक पाऊल पुढे पडत नाही. या खेळांत एक वाद पंचवीस वर्षे रंगला आहे. पडद्यावरचे रणांगण सपाट चित्राचे असावे की उठावाचे, म्हणजे मुलांच्या बोलीत टू-डी असावे की थ्री-डी, हा तो वाद.

मला त्यात पडण्याचे कारण घरगुती आहे. माझ्याकडे तबला शिकणारा एक मुलगा आणि त्याचे दोन मित्र पानिपतच्या लढाईवर असा एक खेळ करू पाहत आहेत. तिघेही शिकत आहेत, गाठीला पैसा बेताचाच, आणि हाती एकदोन वर्षांची सवड. खेळ उठावाचाच झाला पाहिजे, नाही तर लोक हसतील, असे तिघांपैकी दोघांचे म्हणणे. माझे मत निराळे आहे, आणि ते केवळ त्यांच्या खिशाकडे पाहून बनलेले नाही.

सपाट चित्र म्हणजे नक्की काय, हे आधी सांगितले पाहिजे. १९९९ साली आलेला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिला आहे. मी त्या वेळी विशीत होतो. त्यात जमीन तिरप्या चौकटींत आखलेली दिसते आणि आपण जणू गच्चीवरून खाली पाहत असतो. वरच्या कडेचा शिपाई आणि खालच्या कडेचा शिपाई उंचीने सारखाच दिसतो. दूरची वस्तू लहान होत नाही, म्हणून अंतर नुसत्या नजरेने मोजता येते. प्रत्येक शिपायाची निरनिराळ्या दिशांना तोंड केलेली, चालण्याच्या प्रत्येक पावलाची चित्रे आधीच तयार असतात आणि ती भराभर बदलली जातात. जुन्या काळच्या बऱ्याच खेळांत जागा वाचविण्यासाठी उजवीकडची चित्रे आरशासारखी उलटवून डावीकडे वापरीत. त्यामुळे शिपायाने तोंड फिरवले की तलवार आपोआप डाव्या हातात जाई! गंमत अशी की त्या शिपायांची ही चित्रे मुळात संगणकावर उठावाच्या मूर्ती घडवून त्यांवरूनच घेतलेली होती. तेव्हा दोन्ही पक्ष समजतात तितके हे सोवळेओवळे कडक नाही.

उठावाच्या खेळात मूर्ती एकच असते, आणि संगणक क्षणाक्षणाला ती हव्या त्या बाजूने दाखवितो. आपण जवळ जाऊ शकतो, सभोवार फिरू शकतो. शिपायाच्या हाती नवे हत्यार द्यायचे तर शेकडो चित्रे पुन्हा काढावी लागत नाहीत. सावली पडते, तोफेचा गोळा कमानीने जातो आणि मध्ये टेकडी आली तर तिच्यावर आदळतो. १९९७ सालच्या 'टोटल ॲनिहिलेशन'ने ही किमया दाखविली, तेव्हा लोक चकित झाले ते योग्यच होते. २००२ साली 'वॉरक्राफ्ट'चा तिसरा भाग, २००५ साली 'सिव्हिलायझेशन'चा चौथा आणि 'एज ऑफ एम्पायर्स'चा तिसरा असे एकामागून एक मातबर खेळ उठावाकडे गेले. सपाट चित्र आता म्हातारे झाले, असेच तेव्हा सर्वांस वाटू लागले.

आपल्या शहरातल्या वाचकांस हा वाद अपरिचित वाटण्याचे कारण नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन भिंतींवरची चित्रे पाहावीत. इंग्रज-मराठ्यांच्या लढाईचे प्रसंगही तेथे रंगविलेले आहेत. मग तेथून निघून महाराजा फत्तेसिंह संग्रहालयातली राजा रविवर्म्याची चित्रे पाहावीत. दोन्ही या शहराची, दोन्ही एकाच शतकातली. रविवर्म्याच्या चित्रात आपण एका ठिकाणी उभे असतो. जवळचे मोठे, दूरचे धूसर, आणि एका चेहऱ्यावरचा भाव आपल्याला धरून ठेवतो. आपल्या जुन्या लघुचित्रांची, आणि त्यांच्या कुळातल्या भिंतीवरच्या चित्रांची, रीत वेगळी. मागचा माणूस वरच्या ओळीत जातो, पण लहान होत नाही. वाड्याचा तट आणि आतले अंगण एकाच वेळी दिसते. कोण कोणाच्या उजवीकडे आहे, किती स्वार आहेत, वाट कोठून कोठे जाते, हे सगळे वाचता येते. या चित्रकाराला दूरचे लहान काढता येत नव्हते असे म्हणणे म्हणजे धृपदियाला ठुमरी येत नाही म्हणून हिणवण्यासारखे आहे. त्याला काय सांगायचे होते तेवढे पाहावे.

डावपेचांच्या खेळाला वाचता येणारे चित्र लागते, आणि याचा पुरावा उठावाच्या खेळांनीच दिला आहे. २०१० साली आलेला 'सिव्हिलायझेशन'चा पाचवा भाग पूर्ण उठावाचा. डोंगर, नद्या, शहरे कशी देखणी! पण त्याच खेळात एक कळ दाबली की सगळा देखावा नाहीसा होऊन सपाट षट्कोनी घरांचा नकाशा समोर येतो. २००७ सालच्या 'सुप्रीम कमांडर'मध्ये खेळाडू उंच उंच गेला की यंत्रे दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी साध्या खुणा उरतात. १९९९ सालच्या 'होमवर्ल्ड'मध्ये लढाई अवकाशात होते, वर-खाली कोठेही जहाज नेता येते. म्हणजे तिसरी मिती तेथे खरोखरच खेळाच्या पोटात आहे. तरी तेथेसुद्धा जहाजाला आज्ञा देताना आधी एका सपाट चकतीवर जागा दाखवायची आणि मग उंची ठरवायची, अशीच सोय करावी लागली. डोके चालवायची वेळ आली की माणूस पट मागतो.

बुद्धिबळाचेच पाहा. लाकडी सोंगट्या चांगल्या उभ्या, गोल, वजनदार असतात आणि कोणाची काही तक्रार नसते, कारण आपण मान हलवतो, आपल्याला दोन डोळे आहेत, हत्तीमागे लपलेला उंट सहज दिसतो. पडद्यावर उभ्या सोंगट्या काढल्या की पडदा मात्र सपाटच राहतो. मान हलवून उपयोग नाही. म्हणून संगणकावर गंभीरपणे खेळणारे जवळजवळ सगळे सपाट पटच पसंत करतात. १९८८ साली 'बॅटल चेस' नावाचा एक खेळ निघाला होता. त्यात प्यादे मारले जाताना दोन्ही सोंगट्या हातघाईवर येत. पहिले चार डाव फार मौज वाटे. पुढे ती झुंज संपण्याची वाट पाहत बसावे लागे. त्या खेळातही साध्या सपाट पटाची सोय ठेवलेली होती.

तर मग उठाव निव्वळ शोभेचा का? तसे नाही. २००० सालच्या 'शोगुन : टोटल वॉर'मध्ये जमीन उठावाची होती आणि शिपाई मात्र सपाट चित्रांचे. जपानच्या डोंगराळ मुलखात चढावर कोण आणि उतारावर कोण यावर लढाई फिरते, तेव्हा उंची जमिनीला हवी होती, शिपायांना तिची गरज नव्हती. खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये हे ओळखणारे कारागीर मला फार आवडतात. त्याच मालिकेतल्या २००९ सालच्या 'एम्पायर'मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते, हे वाचून आपल्यापैकी काहींना सुखद नवल वाटेल.

उलट बाजूने, उंचीचा हिशेब ठेवायला चित्र उठावाचेच लागते असेही नाही. १९९८ सालच्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये चित्रे सपाट. तरी खालून वर मारलेल्या गोळ्यांतल्या जवळजवळ निम्म्या फुकट जातात, आणि टेकडी धरून बसणाऱ्याला तिचे मोल मिळते. कोरियात या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवीत. २०१७ साली त्याला नवे रूप दिले तेव्हा चित्रे रेखीव केली, पण सपाटच ठेवली आणि खेळाच्या चालीला हात लावला नाही. हार्मोनियम नवी घेतली तरी पट्ट्या जागच्या जागी लागतात. बोटांना जे ठाऊक झाले आहे ते मोडून उस्ताद लोक नवे वाद्य घेत नाहीत.

आता पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजी ज्या मैदानावर ती लढाई झाली ते सपाट आहे. तेथे चढउताराने काही ठरले नाही. ठरले ते दिल्लीकडची वाट बंद झाल्याने, उपासमारीने, आणि रांग मोडल्याने. इब्राहिमखान गारद्याच्या शेजारी विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांची पथके होती. ती घोडी पुढे सरसावून गारद्यांच्या तोफांच्या माऱ्यापुढे आली आणि ठरलेला गोल विस्कटला, असे इतिहासकार सांगतात. गायकवाडांच्या या शहरात हे वाचताना आजही जिवाला लागते. ही चूक खेळणाऱ्या मुलाला कळायची असेल तर ती वरून दिसली पाहिजे: येथे तोफांची ओळ, तिच्यापुढे सरकलेले आपलेच स्वार, आणि मुक्या झालेल्या तोफा. स्वाराच्या पाठीमागून, खालच्या पातळीवरून दाखविले तर धूळ दिसेल, घोड्यांचे खूर दिसतील, अंगावर शहारे येतील. पण रांग कोठे मोडली हे मात्र दिसणार नाही. भाऊसाहेबांनाही त्या दिवशी बहुधा धूळच दिसली असेल.

हीच मुले १६६० सालची घोडखिंड किंवा १६७० सालचा सिंहगड घेऊन आली असती तर मी उलटा सल्ला दिला असता. खिंडीची अरुंदी आणि कड्याची उंची हीच तेथली मुख्य पात्रे आहेत. ती सपाट पटावर मांडली तर प्रसंगाचा जीवच जाईल.

राहिले लोकांच्या हसण्याचे. २०१८ साली 'इन्टू द ब्रीच' नावाचा खेळ आला. तो घडविणारी मंडळी मुळात दोघांची. पट बुद्धिबळासारखाच आठ बाय आठ घरांचा, चित्रे सपाट आणि बारीक ठिपक्यांची. शत्रू पुढच्या चालीत काय करणार हे आधीच दाखविलेले असते आणि त्यावर तोड काढायची असते. जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले; चित्र जुन्या धाटणीचे म्हणून कोणी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'चा तो दुसरा भागही २०१९ साली नव्याने रंगवून आला, तो सपाट चित्रांचाच, आणि त्याच्या स्पर्धा आजही चुरशीने होतात.

उठावाच्या मूर्ती, त्यांची चाल, त्यांवरचा उजेड हे सगळे नीट करायला कुशल हात पुष्कळ लागतात. तीन मुलांनी ते अंगावर घेतले तर दोन वर्षांत दहा सुंदर घोडे तयार होतील आणि लढाई तयार होणार नाही. माझे वडील राजवाड्यावर गायला असत. साथीला कोण आहे, किती वेळ आहे, ऐकणारे कोण आहेत हे पाहून ते राग निवडीत. आवडता राग कोणता हा प्रश्न त्यानंतरचा. या मुलांनी आधी कागदावर चौकटी आखाव्यात, सारीपाटाच्या सोंगट्या घेऊन लढाई चारदोनदा खेळून पाहावी, आणि दमाजींचे स्वार तोफांपुढे न नेता डाव कसा राखता येतो ते शोधावे. सारीपाट माझ्याकडे आहे. गुरुवारी तालमीनंतर तिघांना बोलावले आहे.