दारूबंदीच्या नावाने दारूविक्री

महाराष्ट्रात आज मद्याची जी बाटली कायदेशीरपणे विकली जाते, ती दारूबंदीच्या कायद्याखाली विकली जाते. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. त्यात मुद्रणदोष नाही. 1949 साली त्या वेळच्या मुंबई राज्याने केलेला दारूबंदी अधिनियम अद्यापि जिवंत आहे. त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन तेथे ‘महाराष्ट्र’ आले, अधूनमधून दुरुस्त्या झाल्या, परंतु मूळ सांगाडा तोच राहिला. मद्य तयार करणे, बाळगणे, विकणे व पिणे हे सारे या कायद्याच्या दृष्टीने मुळात निषिद्ध. परवाना असेल तर तेवढ्यापुरता अपवाद. त्या अपवादाने नियमाला केव्हाच गिळून टाकले आहे. राज्याच्या तिजोरीचा एक मोठा रांजण त्याच अपवादावर भरतो. तरीही कायद्याची पाटी बदलण्याचे धैर्य आजवर एकाही सरकारला झालेले नाही.

हा कायदा आला त्या वेळी त्यामागे एक श्रद्धा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1950 साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी जारी झाली. बलसारा नावाच्या एका नागरिकाने तिला न्यायालयात आव्हान दिले. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंधनांसारखी काही कलमे रद्द केली आणि बाकीचा कायदा उचलून धरला. पुढे काय झाले, ते मुंबईच्या जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. हातभट्ट्या पेटल्या, खाडीकाठी पिंपे पुरली गेली, आणि वरदराजन मुदलियारसारख्या माणसांची साम्राज्ये त्या पिंपांवर उभी राहिली. इकडे सुखवस्तू वस्त्यांतील अनेक गृहस्थांना एकाएकी असे आजार जडले की, त्यांवर व्हिस्कीवाचून दुसरा उतारा नव्हता. तसे वैद्यकीय दाखले मिळत आणि त्यांवर परवानेही मिळत. यथावकाश बंदी सैल झाली. दाखल्याची गरज संपली. परवाना मात्र उरला.

तो आजही आहे. तरुणाने मित्रांसमवेत एक पेला बिअर घ्यावयाचे ठरवले, तर कायद्याप्रमाणे त्याच्याजवळ मद्यपानाचा परवाना पाहिजे. एका दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत आणि आजन्म परवाना 1,000 रुपयांत मिळतो. बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची, व्हिस्की वा रम यांसाठी 25 वर्षांची. म्हणजे आमदार होण्याचे आणि रम पिण्याचे वय या राज्यात एकच आहे. किती पिणाऱ्यांनी हा परवाना डोळ्यांनी पाहिला आहे? एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तके दुकानदाराजवळ असतात, ती कोणाच्या तरी नावाने भरली जातात, आणि ज्याच्या हाती बाटली पडते त्याला त्याचा पत्ताही नसतो. ग्राहक, दुकानदार व अधिकारी या तिघांनाही हे ठाऊक आहे. एरवी त्याचे कोणास सोयरसुतक नसते. परंतु एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आले की हाच विसरलेला कागद दंडुक्याप्रमाणे उगारता येतो. कायदा पुस्तकात असतो आणि अंमल लहरीवर चालतो, अशी स्थिती ज्या खात्यात असेल तेथे सचोटीची अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

हा प्रश्न आज नव्याने मांडण्याचे कारण बिअरच आहे. 2009 साली पुण्यात ‘डूलाली’ने स्वतःची बिअर तेथल्या तेथे गाळून विकावयास आरंभ केला, आणि पुढे पुण्या-मुंबईत अशा लहान भट्ट्या एकामागून एक उभ्या राहिल्या. कारखान्यातील बाटलीशी या बिअरचे नाते केवळ नावाचे आहे. मोड आणून भाजलेले सातू, हॉप्सची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी, एवढ्या चारच वस्तू. परंतु धान्य किती भाजले, हॉप्स केव्हा टाकले, आंबवण किती थंड ठेवले, यावर चव पालटते. गव्हाची गढूळ बिअर पिकल्या केळ्याच्या नि लवंगेच्या वासाची निघते. बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल पडते, आणि हे दोन्ही जिन्नस आमच्या स्वयंपाकघरात परके नाहीत. कॉफीसारखी काळी बिअर सावकाश, गप्पांच्या सोबतीने प्यावयाची असते. ज्याने ती एकदा तशी प्यायली, तो बाटलीतील ‘स्ट्राँग’ नाक धरून रिचवावयास सहसा परत जात नाही. आपल्याकडे दुकानातून खपते ती मात्र बहुतांशी ‘स्ट्राँग’च, कारण तेथे हिशेब चवीचा नसून रुपयागणिक नशेचा असतो. मद्यपानाला संयमाची व रसिकतेची शिस्त लागावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या लहान भट्टीवाल्याचे स्वागत करावयास हवे होते.

प्रत्यक्षात त्याच्या वाट्यास काय येते? त्याचा माल ताजा आणि नाशवंत, दुधाच्या जातीचा. परंतु त्याच्यावरील नियमांची मांडणी गोदामात वर्षभर पडून राहणाऱ्या पेटीच्या हिशेबाने झालेली. नजीकच्या वाण्याकडे ही बिअर ठेवता येत नाही. घरी नेण्यासाठी ती ‘ग्राउलर’मध्ये भरून देण्याची मुभा मिळाली ती 2020 साली, टाळेबंदीत बारची दारे बंद झाल्यावर. त्याच वर्षी 4 मे रोजी दुकाने उघडताच मुंबईत अशी झुंबड उडाली की, दोन दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. मग घरपोच विक्री आली, तीही परवानाधारकांनाच! 1970 च्या दशकात दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने देणे थांबले. जुना परवाना त्यामुळे वतनासारखा हातोहात फिरतो, आणि नव्या माणसाने या धंद्यात शिरावयाचे तर आधी त्या वतनाची किंमत मोजावी लागते.

धोरणाच्या धरसोडीबद्दल तर बोलावयासच नको. महामार्गांपासून 500 मीटरांच्या आत दारूविक्री नको, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये फर्मावले, तेव्हा देशातील कित्येक सरकारांनी दुकाने हलवण्याऐवजी महामार्गाचे महामार्गपणच काढून घेतले. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा देताच तो निर्णय बासनात गेला. जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले, आणि जुलैत बारचालकांनी एक दिवस बार बंद ठेवून निषेध नोंदवला. यांपैकी एकाही निर्णयात पिणाऱ्याच्या प्रकृतीचा विचार आम्हांस आढळला नाही.

आमचे हे म्हणणे शहरी चैनीचे आहे, असा आक्षेप येईल. गडचिरोलीने 1993 साली दारूबंदी मागून घेतली. ज्या घरात मजुरी गुत्त्यावर जाते तेथील बाईला बेल्जियन बिअरचे कौतुक सांगणे हा निर्दयपणा ठरेल, हे आम्ही जाणतो. म्हणूनच गावातील स्त्रियांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडण्याचा जो हक्क महाराष्ट्रात आहे, त्याला कोणी हात लावू नये. उलट त्या मतदानाची प्रक्रिया अधिक सुलभ व्हावी. त्या मताने दुकान बंद होते आणि कोणास खोटा कागद भरावा लागत नाही. परंतु परवान्याच्या पुस्तकाने यांतील कोणाचे रक्षण केले? 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने शंभरावर माणसे मेली. ती माणसे महागड्या बाटलीच्या दुकानापर्यंत पोहोचू शकत नव्हती, आणि जेथे पोहोचली तेथे परवाना कोणी मागत नव्हता.

तेव्हा करावयाचे ते इतके अवघड नाही. मद्यातील अल्कोहोलच्या प्रमाणात कर बसवावा, म्हणजे सौम्य पेय आपोआप स्वस्त पडेल. लहान भट्टीवाल्यास आपला ताजा माल बाटलीबंद करून आपल्या शहरातील परवानाधारक दुकानांत ठेवू द्यावा. अल्पवयीनांना विकणाऱ्यास आणि पिऊन गाडी हाकणाऱ्यास मात्र कोणतीही दया नको. आणि यांतील काहीच जमणार नसेल, तर निदान पिणाऱ्याचा परवाना तरी रद्द करावा. त्याने तिजोरीचे नुकसान होईल ते दिवसाला माणशी पाच रुपयांचे, आणि तेही जे खरोखरीच भरतात त्यांच्यापुरतेच.