मुक्या सोबत्याची प्रवासतयारी

ईस्टरचा सण आटोपला आणि मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणजे आपल्या सीमाभागातील गावांत प्रवासाची लगबग सुरू होते. कोणी बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात आजोळी जातात, कोणी लोंढ्याहून गाडी धरून मडगाव गाठतात, कोणी मुलाकडे मुंबईस किंवा वसईस महिनाभर राहावयास निघतात. पेट्या भरल्या जातात, लोणच्याच्या बरण्या बांधल्या जातात, शेजारी किल्ली दिली जाते. शेवटी, रिक्षा दारात येऊन उभी राहिल्यावर, कोणीतरी विचारतो, "आणि कुत्र्याचे काय?" वाचकहो, हा प्रश्न जितक्या उशिरा विचारला जातो तितके त्या जनावराचे हाल अधिक होतात. तो सर्वांआधी विचारला जावा, एवढ्याचसाठी आजचा हा लेखनप्रपंच.

आपण प्रवासाचे कष्ट सोसतो, कारण आपणांस मुक्काम ठाऊक असतो. मुलास सांगता येते, "आणखी दोन तास, मग आजी भेटेल." कुत्र्यास हे सांगता येत नाही. त्याच्या दृष्टीने घर एकाएकी नाहीसे होते, पायाखालची जमीन हलू लागते आणि ओळखीचा एकही वास उरत नाही. शब्दांनी जे समजावता येत नाही ते आधीच्या सवयीने समजवावे लागते. प्रवासाची तयारी म्हणावयाची ती हीच.

प्रथम न्यावयाचे की ठेवावयाचे हे ठरवावे. दोन दिवसांचे लग्न असेल, कुत्रे फार म्हातारे, आजारी किंवा गाभण असेल, अथवा पिलू तीन महिन्यांच्या आतले असेल, तर त्यास घरीच ठेवणे बरे. मात्र ठेवणे म्हणजे पाण्याची कुंडी भरून पडवीत बांधून जाणे नव्हे. जो शेजारी सांभाळणार त्याच्या हातून आठवडाभर आधीपासून त्यास खाऊ घालावे, म्हणजे परक्या हाताचे भय राहत नाही. जनावरास भुकेने वा तहानेने तळमळावे लागेल अशा स्थितीत टाकून जाणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे. परंतु कायद्याचे नाव घ्यावे लागण्याआधीच माणसाने लाजावे हे अधिक शोभते.

उलटपक्षी, कित्येक घरी ठेवण्याची सोयच नसते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध मातेस मुलगा शहरात बोलावतो आणि ती म्हणते, "ह्याला कोणाच्या भरवशावर टाकू?" मुलांना हे हसण्यासारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरात दिवसभर दुसरी चाहूल नाही तेथे ते पाच-सहा किलोचे जनावर हीच तिची सोबत असते. तिला विचारल्यावाचून त्याचा निर्णय कोणी घेऊ नये. आणि न्यावयाचे ठरले तर नीट न्यावे.

यासाठी प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजावे. निदान एक महिना आधी कुत्र्यास पशुवैद्यांकडे न्यावे. रेबीजची पहिली लस पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, व पुढे वैद्य सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, पुन्हा देतात. लसीचा गुण येण्यास तीन-चार आठवडे लागतात. यास्तव निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस त्या प्रवासापुरती कामाची नाही. ज्या घरी आपण जाणार तेथेही मुले असतात आणि ती कुत्र्याशी खेळणारच. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. उपाय आहे तो त्याआधीच. लुई पाश्चर यांनी १८८५ साली चावा घेतलेल्या एका मुलास लस देऊन हा मार्ग खुला केला. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. एकेका कुत्र्यास टोचूनच हे साधले. तरीही कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावीत बसू नये.

दुसरी तयारी पेटीची. लहान कुत्र्यासाठी वेताची किंवा प्लॅस्टिकची, चोहोंकडून वारा खेळेल अशी पेटी घ्यावी. त्यास आत उभे राहता यावे, वळता यावे व अंग पसरून निजता यावे, एवढी ती मोठी असावी. ती प्रवासाच्या दिवशी प्रथम पुढे आणू नये. तीन-चार आठवडे आधी घरात दार उघडे ठेवून मांडावी, तळाशी घरच्या माणसाचे जुने लुगडे किंवा चादर घालावी आणि खाणे तिच्यातच ठेवावे. कुत्रे आपणहून आत जाऊन निजू लागले की दार पाच मिनिटे लावावे, मग पंधरा, मग अर्धा तास. पुढे मोटारीतून गावच्या वेशीपर्यंत, मग बाजारापर्यंत न्यावे. घाटातील वळणांनी कित्येक कुत्र्यांस, विशेषतः पिलांस, ओकारी होते. म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये. पाणी मात्र तोडू नये. गुंगीसाठी किंवा तापासाठी घरातील माणसांची गोळी कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलसारखे साधे औषधही कुत्र्यास घातक ठरू शकते. शिदोरीतील कांदा, मनुका व चॉकलेट हेही त्यास विषासमान आहेत, हे मुलांस निघण्यापूर्वीच बजावावे.

तिसरी गोष्ट रेल्वेची. वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शय्यांचा कूपे किंवा चार शय्यांची केबिन संपूर्ण आपल्या नावे असेल तरच मोठे कुत्रे जवळ बाळगता येते. सेकंड व थर्ड एसी, चेअर कार आणि स्लीपर या वर्गांत त्यास परवानगी नाही. एरवी त्याची जागा म्हणजे गार्डच्या डब्यातील श्वानपेटी. (२०२२ पासून गार्डास ट्रेन मॅनेजर म्हणतात.) दोहोंसाठीही तिकीट व लसीचा दाखला घेऊन पार्सल कचेरीत आगाऊ नोंद करावी लागते, वजनाप्रमाणे आकार पडतो, आणि पट्टा, साखळी, अन्न व पाणी हे सर्व धन्यानेच पुरवावयाचे असते. ती श्वानपेटी लोखंडी, अंधारी व खडखडाटाची असते. वैशाखात लहान कुत्र्यास त्यात घालणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पिलास टोपलीत घेऊन जावयाचे असेल तर स्थानकावर आधी चौकशी करून रीतसर पावती घ्यावी. पिशवीत लपवून नेणे हे दंडास पात्र आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे लपवलेल्या जनावरास पुरेशी हवा मिळत नाही.

उष्म्याविषयी दोन शब्द. माणसाप्रमाणे कुत्र्याच्या सर्वांगास घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींस तेही नीट साधत नाही. बाहेर ३० अंश उष्मा असता उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत दहा मिनिटांत सुमारे ४० अंश होतो. "आम्ही चहा घेऊन आलोच" एवढ्या अवधीत जीव जाऊ शकतो. म्हणून पहाटे निघावे, आणि वाटेत थांबल्यावर घरच्या एकाने तरी त्याच्यापाशी राहावे. प्राण्यांच्या वाहतुकीविषयी १९७८ साली झालेल्या नियमांत कुत्र्यास उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे असे म्हटले आहे. धाप थांबेना, लाळ गळू लागली, चाल अडखळू लागली, तर सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्यांकडे धाव घ्यावी.

निघताना लहानशी वेगळी पिशवी भरावी: पशुवैद्यांचा ताजा तपासणी-दाखला व लसीचे कार्ड, पाण्याची बाटली व वाडगा, रोजचे खाणे, जुने कपडे, घाण उचलण्यास कागद. गळपट्ट्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा, आणि दार उघडण्यापूर्वी साखळी हातात असावी. अनोळखी स्थानकावर सुटलेले कुत्रे परत सापडणे कठीण. ज्या घरी उतरावयाचे तेथेही आधी कळवावे. कोणास कुत्र्याचे भय असते, कोणास केसांनी दमा होतो. पाहुणचार मागण्याची हीच रीत.

पवित्र शास्त्रात अशा प्रवासाचे एक चित्र आहे. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया दूरदेशी निघतो तेव्हा त्याच्याबरोबर कुत्रे निघते, आणि तो घरी परततो तेव्हाही ते मागोमाग असते. त्या कुत्र्याने कोणताही पराक्रम केलेला नाही. ते बरोबर गेले व बरोबर परत आले, एवढेच. आपल्या तयारीचेही माप एवढेच असावे. सुटी संपून आपण उंबरठ्यावर पाय ठेवू, पेट्या उतरवू, शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊ, तेव्हा जितके जीव निघाले होते तितके परत आलेले असावेत. म्हणून तिकिटे काढण्यास बसाल तेव्हाच माणसांच्या मोजणीनंतर आणखी एक बोट उघडावे.