वेगाचा मोह आणि इंजिनाचा धडा

स्वदेशी ‘तेजस’ विमानाची चर्चा निघाली की, काही मंडळी त्याच्या वेगावर बोट ठेवतात. ध्वनीच्या दुप्पटही वेग नसलेले लढाऊ विमान काय कामाचे, असा त्यांचा सवाल असतो. त्यांनी ‘मिग-२५’चा इतिहास अवश्य अभ्यासावा.

१९८१ ते २००६ या काळात हे सोव्हिएत बनावटीचे टेहळणी विमान भारतीय हवाई दलाच्या सेवेत होते. ध्वनीच्या २.८३ पट हा त्याचा कमाल वेग. परंतु निसर्ग कोणतीही गोष्ट फुकट देत नाही. एवढ्या वेगात दाबली जाणारी हवा विमानाचा अग्रभाग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवते. तेथे अॅल्युमिनियमचे बळ खचते. म्हणून सोव्हिएत अभियंत्यांनी विमानाचा सांगाडा मुख्यतः निकेलयुक्त पोलादाचा बनविला. पोलादाने उष्णता सोसली, पण वजन वाढले. वळण्याची चपळाई गेली, इंधनाची भूक वाढली. वेगमर्यादा ओलांडल्यास इंजिनेच निकामी होण्याचा धोका होता. १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक हे विमान घेऊन जपानमध्ये उतरला, तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांना उमगले की, ज्याचा धसका घेतला होता, ते सरळ रेषेत धावण्यासाठीच घडविलेले होते.

आज ‘राफेल’चा कमाल वेग ध्वनीच्या १.८ पट, तर अमेरिकेच्या ‘एफ-३५’चा १.६ पट आहे. हा दुबळेपणा नव्हे, ही विचारपूर्वक केलेली निवड आहे. रडार, क्षेपणास्त्रे, पल्ला आणि चपळाई यांचा मेळ अधिक मोलाचा ठरला आहे.

आपली खरी उणीव वेगाची नाही, इंजिनाची आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेले ‘मरुत’ १९६१ मध्ये झेपावले. पण त्याला साजेशा इंजिनाच्या विकासाचा खर्च उचलण्यास तत्कालीन सरकार तयार झाले नाही आणि ते ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले. १९८९ मध्ये मंजूर झालेले ‘कावेरी’ इंजिनही ‘तेजस’ला लाभले नाही. परिणामी अमेरिकी इंजिनांच्या पुरवठ्यास विलंब होताच ‘तेजस मार्क-१ए’ विमानेही रखडली.

प्रचंड उष्णता सोसणारे मिश्रधातू बाजारात विकत मिळत नाहीत. ते प्रयोगशाळेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या तपश्चर्येतून सिद्ध होतात. त्या तपश्चर्येला सरकारने अखंड निधी द्यावा, समाजाने धीर द्यावा आणि बुद्धिमान तरुणांनी धातुशास्त्राकडे वळावे. उसन्या इंजिनावर विमान उडते, राष्ट्राचे स्वातंत्र्य मात्र उसने राहते.