विश्लेषण : झोपेच्या यंत्रातला फोम रुग्णांना आणि कंपनीला कसा भोवला?

झोपेत श्वास अडकणाऱ्या लाखो रुग्णांसाठी सीपॅप यंत्र रोजच्या गरजेचे आहे. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये जगभरातून अशी यंत्रे परत मागवायला सुरुवात केली. सीपॅपबरोबर बायपॅप आणि काही व्हेंटिलेटर धरून हा आकडा सुमारे ५५ लाखांवर गेला. घरात जुने यंत्र असेल किंवा वापरलेले यंत्र घेण्याचा विचार असेल, तर हे प्रकरण समजून घ्यायला हवे.

हे नुसते घोरणे नाही का?

नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासमार्ग मिटतो. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि मेंदू झोप मोडून श्वास घ्यायला लावतो. तासाला पाच किंवा अधिक वेळा असे होऊ लागले की आजार मानला जातो, ३० च्या पुढे तो गंभीर ठरतो. रुग्णाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचा उल्लेख केला होता.

यंत्र काय करते?

सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. छोटा पंखा मास्कमधून हवेचा दाब देत राहतो आणि घसा मिटू देत नाही. हा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटीमीटर स्तंभाइतका, म्हणजे किरकोळच. शिट्टी होताना कुकरमध्ये साधारण याच्या शंभरपट दाब असतो!

मग फोम कशासाठी?

पंख्याची घरघर दाबण्यासाठी. आवाज झाला तर रुग्ण यंत्र लावून झोपणार कसा? अडचण अशी की फिलिप्सने वापरलेला पॉलिएस्टर पॉलियुरेथेन फोम ओलाव्याने हळूहळू विरघळतो. उष्ण आणि दमट हवेत, तसेच ओझोनने यंत्र साफ केल्यास ही झीज वाढू शकते, असे कंपनीनेच सांगितले. फोमचे काळे कण आणि त्यातून निघणारी रसायने थेट श्वासाच्या वाटेत येण्याचा धोका होता. मुंबई-कोकणातल्या हवेत हे यंत्र वापरणाऱ्यांनी ही बाब दुर्लक्षू नये.

यंत्र बंद करायचे की नाही?

रुग्णांची खरी कोंडी इथे झाली. सीपॅप वापरणाऱ्यांनी यंत्र थांबवून डॉक्टरांशी बोलावे, असे कंपनीने सांगितले. पण सीपॅप आजार बरा करत नाही, फक्त रोखून धरते. यंत्र काढले की श्वास पुन्हा अडकू लागतो. बदली यंत्रासाठी अनेकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. त्यातच जगभर चिपची टंचाई असल्याने दुसऱ्या कंपन्यांनाही मागणी पुरवता येईना. हृदयरोगी किंवा रात्री गाडी चालवणाऱ्या रुग्णाला ‘बंद करा’ सांगणे सोपे नव्हते. धोका माहीत असूनही काहींनी तेच यंत्र वापरले, आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही.

मृत्यू फोममुळे झाले का?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे जानेवारी २०२४ पर्यंत १ लाख १६ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. त्यातील ५६१ मृत्यूंच्या होत्या. मात्र तक्रार म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे प्रशासनानेही स्पष्ट केले. नंतरच्या चाचण्यांत मोठा अपाय दिसला नाही, असे कंपनी म्हणते. त्या चाचण्या पुरेशा नाहीत, असे प्रशासनाचे मत पडले. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेत नवी यंत्रे विकणे थांबवले आणि एप्रिलमध्ये दोष मान्य न करता १.१ अब्ज डॉलरची तडजोड केली.

आपण काय तपासायचे?

यंत्राखालचे लेबल. २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेले पहिल्या पिढीचे ड्रीमस्टेशन परत मागवलेल्या यंत्रांत मोडते. त्याचा सिरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्यावा. वापरलेले यंत्र घेताना तर हे आधी करावे, कारण फोम आत असतो आणि बाहेरून यंत्र नवेकोरे दिसते. ओझोनचे क्लीनर टाळावे. नळीत काळे कण दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घेणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम भारतात २०१५ पासून आहे आणि रुग्णही तिथे तक्रार करू शकतो.