सुरक्षेच्या आडून नफेखोरी : विमानप्रवाशाच्या पिशवीचा प्रश्न

विमानात हातात किती सामान न्यावे, हा प्रश्न कामगार चळवळीने विचारात घ्यावा इतका महत्त्वाचा आहे काय, असे काही साथी विचारतील. विमान हे धनिकांचे वाहन. त्यातल्या पिशवीची चिंता धनिकांनीच वाहावी, असा त्यांचा युक्तिवाद असतो. एके काळी तो खरा होता, आज तो खरा राहिलेला नाही. आखाती देशांत राबणारा गवंडी, परमुलखातील रुग्णालयात नोकरी करणारी परिचारिका, घरच्या मृत्यूचा निरोप येताच उसनवारी करून तिकीट काढणारा मजूर, हे सारे आज विमानात बसतात. त्यांच्या सामानावर बसवलेला प्रत्येक रुपया त्यांच्या मजुरीतूनच वसूल होतो.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, सामानावरील सर्वच बंधने अन्यायाची नाहीत. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले आणि त्यानंतर, १९७८ च्या जानेवारीत, आपल्या देशात नागरी विमान वाहतुकीसाठी सुरक्षा यंत्रणा उभी राहिली. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ जणांचा बळी गेला. तो बॉम्ब ज्या पेटीत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि हातातील द्रव पदार्थांवर शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. रक्ताची किंमत देऊन शिकलेले हे नियम आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. विरोध आहे तो या नियमांच्या आडून चालणाऱ्या व्यापाराला.

हा व्यापार कसा उभा राहिला? २००८ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पोटात टाकण्याच्या पहिल्याच पेटीवर १५ डॉलरचा आकार बसवला. इंधन महागले, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले. आकार मात्र कायम राहिला आणि पुढे वाढत गेला. साहजिकच प्रवासी आपले सामान हातात घेऊन वर चढू लागले. डोक्यावरचे कप्पे भरून वाहू लागले. कंपन्यांनीच निर्माण केलेल्या या गर्दीकडे बोट दाखवून स्पिरिट एअरलाइन्सने १ ऑगस्ट २०१० पासून हातातल्या पिशवीवरही आकारणी सुरू केली. दोन पेट्या फुकट नेऊ देण्याबद्दल नावाजलेल्या साउथवेस्टनेही मे २०२५ मध्ये ती सवलत मोडीत काढली. आधी टंचाई निर्माण करायची आणि मग तीच टंचाई विकायची, ही भांडवलशाहीची जुनी रीत येथेही अक्षरशः अवलंबण्यात आली.

आपल्या देशातील इतिहास याहून वेगळा नाही. २०१३ साली तिकिटापासून निरनिराळ्या सेवा सुट्या करून विकण्याची मुभा सरकारने दिली आणि खाजगी कंपन्यांनी फुकट सामानाची मर्यादा २० किलोंवरून १५ किलोंवर आणली. पंधरा ते वीस किलोंमधील जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांहून अधिक आकारू नये, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली ठरवले. पण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली ते बंधन रद्द ठरवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने पुढचे पाऊल टाकले. केवळ हातातली पिशवी घेऊन जाणाऱ्याला स्वस्त तिकीट देण्यास परवानगी मिळाली. सार्वजनिक मालकीच्या काळात २० किलोंहून अधिक सामान फुकट नेणारी एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाच्या हाती गेली आणि मे २०२४ पासून तिच्याही स्वस्त तिकिटांवर १५ किलोच उरले. खाजगीकरणाने ‘ग्राहकाचे भले’ होते, असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब मांडून दाखवावा.

स्वस्त तिकीट घेणाऱ्यावर सक्ती कोठे आहे, असे येथे विचारले जाते. सुताराची करवत, नळकारागिराचे पाने, गवंड्याचा हातोडा या वस्तू सुरक्षेच्या नियमानुसार हातात नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पोटात टाकायच्या तर पैसे मोजावे लागतात. नोकरशहा लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रवास करतो. त्याचे हत्यार फुकट जाते. कारागिराच्या हत्याराला मात्र भाडे पडते. एकच नियम दोन वर्गांवर दोन प्रकारे चालतो, तो असा. शबरीमलैच्या यात्रेकरूंना नारळ हातात नेण्याची खास सवलत सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली. त्याबद्दल तक्रार नाही. पण श्रद्धेसाठी वाकणारा नियम श्रमासाठी का वाकू नये?

उलटपक्षी, हातातली पिशवी ही मेहेरबानीची बाबही नाही. विजेरीचे सुटे संच पोटातील सामानात ठेवण्यास सुरक्षेचे नियमच मनाई करतात; कागदपत्रे, पैसे, औषधे जवळ ठेवा, असे कंपन्याच बजावतात. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईला उतरताना कोसळून पेटले. विमानातील तीनशेही जण वाचले. एक अग्निशामक जवान मात्र प्राणास मुकला. जळत्या विमानातून काही प्रवासी पिशव्या घेऊन बाहेर पडले, म्हणून त्यांची जगभर टवाळी झाली. तसे करणे घातकच होते; एका पिशवीमुळे मागच्याचा जीव जाऊ शकतो. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी विमान पेटले, तेव्हा ३७९ माणसे सामान मागे टाकून सुखरूप बाहेर पडली. हाच आदर्श आहे. परंतु ज्याचा परवाना आणि पारपत्र, म्हणजे सारी उपजीविकाच त्या पिशवीत असते, त्याचा हात तिच्याकडे का वळतो, हे टवाळी करणाऱ्यांनी समजून घ्यावयास हवे होते.

या गर्दीचा भार आणखी एका वर्गावर पडतो. प्रवाशांना चढवणे, कप्प्यांत पिशव्या बसवणे, जागेवरून होणारे तंटे मिटवणे, ही कामे विमानातील सेविका आणि सेवक करतात; अनेक कंपन्या मात्र दार बंद झाल्यानंतरच्या वेळेचाच मोबदला धरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांवर कर्मचारी याच बिनपगारी श्रमाविरुद्ध संपावर गेले आणि कामावर परतण्याचा सरकारी हुकूम त्यांनी धुडकावला. सामानाचे भाडे कंपनीच्या तिजोरीत आणि सामान उचलण्याचे श्रम फुकटात, हा सौदा त्यांनी जगापुढे उघडा पाडला.

यावर उपाय नाही, असे नाही. वाजवी आकाराची व वजनाची हातातली पिशवी हा प्रवासाचाच आवश्यक भाग असून तिच्यावर वेगळा आकार लावता येणार नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१४ साली दिला. त्याला बगल देणाऱ्या प्रकारांबद्दल स्पेन सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रायनएअरसह पाच कंपन्यांना सुमारे १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड सुनावला. कंपन्या त्याविरुद्ध झगडत आहेत. भांडवल आपला वाटा सहजासहजी सोडत नसते.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. सात किलोंची एक पिशवी आणि पोटातील किमान वीस किलो सामान हा तिकिटाचाच भाग असल्याचे कायद्याने ठरवावे. जादा सामानाच्या दराला कमाल मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेने महासंचालनालयाला निःसंदिग्धपणे द्यावा. कारागिरांच्या हत्यारांची वाहतूक मोफत असावी. प्रवासी चढवण्या-उतरवण्याच्या वेळेचे पूर्ण वेतन कर्मचाऱ्यांना मिळावे. विमान कर्मचाऱ्यांच्या, बांधकाम मजुरांच्या आणि स्थलांतरित कामगारांच्या संघटनांनी या मागण्या एकत्र मांडल्या, तर प्रवासी आणि कर्मचारी यांना विमानाच्या दारात एकमेकांशी झुंजवण्याचा मालकांचा डाव फसल्यावाचून राहणार नाही. सुरक्षेचा नियम सर्वांनी पाळावा. सुरक्षेच्या नावाने चाललेली वसुली मात्र कोणीही मुकाट्याने सोसू नये.